बाल्बिना मावशीचं वीस लिटर पाणी

आमच्या कोर्वेइरो गावच्या धक्क्याला बोट लागली की बायका मासळी बघायला पुढे होतात. बाल्बिना मावशी पाणी बघायला पुढे व्हायची. एवारिस्तो तांडेलाची बोट तलवार मासा मारून परतली की खलाशी आधी तिचे दहा-दहा लिटरचे दोन कॅन उतरवायचे, मग मासळी. बोटीचा म्होरक्या म्हणून हुकूम तांडेलाचा, पण दरारा मावशीचा. कॅन हातात आला की ती बूच काढून वास घ्यायची आणि मग तो मासे तोलायच्या काट्याला लटकवायची. एकदा एक खलाशी कॅन भरायचंच विसरला आणि बंदरात शिरताना त्याने तो खाडीत बुडवून आणला. मावशीने काटा बघितला.

"दोनशे ग्रॅम कमी," ती म्हणाली. "यात नदी आहे रे. भर समुद्राचं पाणी जड असतं. बायकोला काय थापा मारायच्या त्या मार, माझ्या काट्याला मारू नकोस."

त्या दिवसापासून त्याचं नाव 'दोनशे ग्रॅम' पडलं. आता तो आजोबा झालाय. नाव तेच आहे.

हे सगळं मी आज लिहितोय त्याला कारण माझा राग. गेल्या महिन्यात पेपरात आमच्या जुन्या लढ्याची आठवण म्हणून पानभर मजकूर आला. फोटोत आम्ही पुरुष. बोटीच्या टोकाशी मूठ वळून उभा आहे तो मी, मोंचो. ती मूठ सगळ्यांना फार आवडते. खरी गोष्ट अशी की त्या मुठीत दोर होता आणि फोटो निघाल्यावर पुढच्या क्षणाला मी कठड्यावरून ओकत होतो. बाल्बिना मावशीबद्दल त्या पानभर मजकुरात एक ओळ नाही. म्हटलं, ठीक आहे. तुम्हाला येत नसेल तर मी लिहितो. मी पाचवीत शाळा सोडली आणि मासळीबाजारात पेट्या उचलता उचलता वाचायला शिकलो. पेट्यांखाली अंथरलेले जुने पेपर वाचून. शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या असतील त्यांनी खुशाल काढाव्यात.

आमच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला दोन दिवस, दोन रात्री बोट चालवली की समुद्र चार हजार मीटर खोल होतो. त्या खड्ड्यात परदेशी जहाजं वर्षानुवर्षं अणुकचऱ्याची पिंपं आणून टाकत होती. हजारोंनी. सिमेंटमध्ये बुजवलेली, पक्की, काळजी नको, असं सांगायचे. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, आमचं आम्हाला कळलं. मग आम्ही बोटी घेऊन त्या जहाजांसमोर जाऊन उभे राहिलो, बोंबाबोंब झाली, आणि पुढे टाकणं थांबलं. आम्ही परत आलो, सत्कार झाले, सार्डिन भाजले, दारू प्यायलो आणि आपापल्या कामाला लागलो. मीसुद्धा. जिंकलो म्हणजे संपलं असंच मला वाटत होतं.

मावशीचं काम तेव्हा सुरू झालं. ती मला लिलावाच्या शेडमध्ये गाठून म्हणाली, "टाकायचं थांबलं, चांगलं झालं. पण टाकलेलं कुठे गेलं? ते बघणार कोण?"

मी म्हटलं, सरकार बघेल. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मलाच लाज वाटली.

ती जाळी शिवायची. वयाच्या नवव्या वर्षापासून आईच्या शेजारी बसून. तिचं म्हणणं, जाळं एका गाठीवरून फाटतं, आणि ती गाठ शोधायची तर सगळं जाळं हाताखालून घालावं लागतं, मधलं सोडून चालत नाही. या एवढ्या शिक्षणावर तिने पुढचं सगळं केलं.

पण तिच्या मनात काय होतं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा नवरा आमारो एवारिस्तोच्याच बोटीवर होता. एका फेरीत त्यांना भर समुद्रात एक रिकामं पिवळं पिंप तरंगताना सापडलं. कुठल्या जहाजावरून पडलं, आत काय होतं, कुणाला माहीत नाही. चांगलं लोखंड म्हणून आमारोने ते उचललं, घरी आणून उभं कापलं आणि सार्डिन भाजायची शेगडी केली. तीन उन्हाळे, संत जुआनच्या सणाला, अख्ख्या गल्लीने त्या शेगडीवरचे मासे खाल्ले. मीही खाल्ले. चौथ्या वर्षी आमारोच्या रक्तात रोग निघाला आणि सात महिन्यांत तो गेला. तोवर शेगडी गंजून भंगारवाल्याकडे गेली होती. मावशी त्या भंगारवाल्याला शोधत चार गावं हिंडली. तो म्हणाला, बाई, ते कधीच वितळलं.

पिंप गेलं. तपासायला समुद्र तेवढा उरला.

शेजारच्या गावच्या शाळेत एलादिओ मास्तर रसायन शिकवायचे. नाकावर चष्मा, खिशात खडू, बोलणं इतकं हळू की विद्यार्थी पहिल्या बाकासाठी भांडायचे. भंगारात निघालेल्या कुठल्याशा यंत्राची नळी आणि बाकीचं हाताने जुळवून त्यांनी किरणं मोजायचं एक यंत्र उभं केलं. यंत्र साधं. आत आलेलं प्रत्येक किरण मोजायचं, टक, टक. पण ते किरण कुणाचं, कुठून आलं, हे त्याला सांगता यायचं नाही. बाहेरची किरणं आत येऊ नयेत म्हणून भोवती शिशाची भिंत हवी होती. शिसं कुठून आणायचं? मावशीने जाळी शिवणाऱ्या बायकांना सांगितलं, आणि प्रत्येकीने जुन्या जाळ्यांची शिशाची वजनं आणून दिली. कुणी ओंजळभर, कुणी बादलीभर. तिच्या अंगणात आम्ही ती वितळवून विटा पाडल्या. एका विटेवर अजून कुणाच्या तरी बोटाचा ठसा आहे. शिसं थंड व्हायची वाट न बघणारा तो शहाणा मीच.

पाणी आणायची पद्धत मास्तरांनी घालून दिली आणि मावशीने ती वेदवाक्यासारखी पाळली. खड्ड्याच्या माथ्यावर पोचलं की कॅन आधी तिथल्याच पाण्याने तीनदा विसळायचा, मग भरायचा. गोड्या पाण्याने नाही, साबणाने तर नाहीच. मास्तर त्या पाण्यात एक पिवळी भुकटी टाकायचे. जे शोधायचं ते भुकटीला चिकटून तळाशी बसायचं. तो चमचाभर गाळ शिशाच्या भिंतीत, यंत्राखाली, एक पूर्ण दिवस ठेवायचा. मिनिटाला किती टकटक होते ते मोजायचं आणि त्यातून रिकाम्या यंत्राची टकटक वजा करायची. ती कधीच शून्य नसते, मास्तर सांगायचे, जगात सगळ्याच वस्तू थोडं थोडं बोलत असतात. शाळेत रिकामं यंत्र बावीस बोलायचं. मावशीचं पाणी बावीस, कधी तेवीस. म्हणजे वजाबाकी करून हाती काही नाही.

असं आठ वर्षं चाललं. खलाशी थट्टा करायचे, बाल्बिनाचं तीर्थ आलं म्हणायचे. मास्तरांनी तिला सांगून ठेवलं होतं की चार हजार मीटर खालचं पाणी वर यायला खूप काळ लागतो, आज नाही म्हणजे कधीच नाही असं नसतं. ती मान हलवायची आणि वहीत लिहायची.

नवव्या वर्षी शाळेला ती खोली संगणकांसाठी हवी झाली. यंत्र हलवायचं कुठे? मावशी म्हणाली, माझ्या तळघरात. आम्हा सगळ्यांना ते एकदम पटलं. आमच्याकडे जे जपायचं ते दगडात ठेवतात. वाइन दगडात, डुकराची खारवलेली मांडी दगडात, माणूस मेला की तोही दगडात. तिचं घर पणजोबाच्या हातचं, हातभर जाडीच्या ग्रॅनाइटच्या भिंती, आत उन्हाळा नाही की हिवाळा नाही. मास्तरसुद्धा म्हणाले, वरून येणारी किरणंही इथे कमी पोचतील. वाइनच्या पिंपांशेजारी आम्ही शिशाच्या विटा रचल्या.

पुढच्या महिन्याचं पाणी मोजलं. एकेचाळीस.

परत मोजलं. चव्वेचाळीस. त्याच्या पुढच्या फेरीचं, त्रेचाळीस.

मला आनंद झाला होता, हे लपवून काय उपयोग? नऊ वर्षं लोक विचारत होते, काय रे मोंचो, निघालं का काही? आता निघालं होतं. मी पत्रकं छापली, रविवारी सकाळी लिलावाच्या शेडमध्ये सभा ठेवली, शहरातून पेपरवाले बोलावले. एवारिस्तो तांडेल मला धक्क्यावर भेटला. मोठा माणूस, आवाज त्याहून मोठा, पण त्या दिवशी हळू बोलला. तुझ्या सभेनंतर कोर्वेइरोचा मासा कुत्रंही हुंगणार नाही, चाळीस बोटी आहेत गावाच्या, एवढं लक्षात ठेव, म्हणाला. मी ताडकन सांगितलं, विष असेल तर विकू नये. त्याने खांदे उडवले आणि म्हणाला, "विष असेल तर पहिला मी बोट बांधून ठेवीन. आहे ना नक्की? बाल्बिना सांगते ना?"

मी म्हटलं, बाल्बिनाच सांगते.

आणि मावशी? तिला आकडा कळला तेव्हा ती जिन्याच्या पायरीवर बसली. रडली नाही. एप्रन गुडघ्यावर सारखा करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तेच होतं. मी उगाच मनाला लावून घेतलं होतं, असं नव्हतं." लोकांनी तिला नऊ वर्षं हळूच सुचवलं होतं की रोग काय कुणालाही होतो, दारू प्यायचा, विड्या ओढायचा, नशीब असतं. आता ती वर मान करून चर्चला जायला लागली. आमारोच्या पुण्यतिथीच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, तिने या खेपेला अख्खं गाव बोलावलं. मिस्सा झाल्यावर लोक तिच्या घरी आले, तळघरातून वाइनच्या सुरया वर गेल्या, रिकाम्या खाली आल्या, दिवसभर माणसांची ये-जा चालू होती. इतकी मोकळी मी तिला नवरा गेल्यापासून पाहिली नव्हती.

सभेच्या तीन दिवस आधी, गुरुवारी, तिने मला आणि मास्तरांना बोलावलं. स्वयंपाकघरात कोबीचं सार उकळत होतं. तिने आम्हाला वाढलं, स्वतः घेतलं नाही, आणि वही समोर ठेवली.

"मास्तर, हा आकडा बघा. मिस्सेच्या दिवसाचा."

सत्तावीस. तोच गाळ, तेच यंत्र. आदल्या दिवशी त्रेचाळीस आणि दुसऱ्या दिवशी बेचाळीस.

मी म्हटलं, यंत्र बिघडलं असेल, एवढ्या गर्दीत कुणाचा धक्का लागला असेल. ती म्हणाली, तिलाही आधी काहीतरी वेगळंच वाटलं होतं. "वाटलं, आमारो आला होता. मिस्सा ऐकून शांत झाला. हसू नकोस."

मी हसत नव्हतो.

मग तिने वहीतला शेवटचा रकाना दाखवला. ती प्रत्येक मोजणीला हवा, वारा आणि तळघराचं दार उघडं की बंद, एवढं लिहून ठेवायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. जाळं हाताखालून घालायचं तर सगळंच घालायचं. दार बंद, चाळीसच्या वर. दार उघडं राहिलेला दिवस एकच, मिस्सेचा. तेव्हा सोमवारी तिने गाळ काढून ठेवला, नुसतं भांडं ठेवलं, दार लावलं आणि दिवसभर वरती बसून राहिली. बेचाळीस. मंगळवारी गावच्या कारंज्याचं गोडं पाणी ठेवलं. त्रेचाळीस. बुधवारी दार सताड उघडलं, पलीकडची खिडकीही उघडली. चोवीस.

मास्तरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "भिंती. ग्रॅनाइटमधून एक वायू निघतो, बाल्बिना. तोही किरणं सोडतो. बंद घरात साठतो. शिसं भिंतीला अडवतं, पण हवा फटीतून आत येते." आणि जरा वेळाने, "रिकाम्या यंत्राचा आकडा मी शाळेतलाच धरला. इथे आल्यावर परत मोजायला हवा होता. हे मी पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो."

"तुम्हीही याच दगडात जन्मलात, मास्तर," ती म्हणाली. "दगडावर कोण संशय घेतो?"

माझं डोकं फिरलं. मला माहीत होतं ती बरोबर आहे, म्हणून जास्तच फिरलं. मी बडबडत सुटलो. पत्रकं छापून झालीत, पेपरवाले येतायत, आता माघार घेतली तर जन्मभर आपल्या तोंडावर हसतील. तिकडे खाली हजारो पिंपं आहेत हे तर खरं आहे ना, मग आकडा आज खोटा ठरला म्हणून काय झालं, उद्या खरा होईलच. हे सगळं बोलून भागलं नाही म्हणून मी शेवटचा दगड मारला.

"निदान आमारोचा तरी विचार कर," मी म्हणालो.

सार उकळत होतं. तिने आधी गॅस बंद केला.

"मोंचो, मी नऊ वर्षं दुसरं काय केलं?" तिचा आवाज चढला नव्हता. "मला एक उत्तर मिळालं होतं. महिनाभर मी ते उशाशी घेऊन झोपले. तुला वाटतं ते परत देताना मला बरं वाटतंय? पण ते माझं नव्हतं. ते या घराचं होतं. खोटं कारण सांगून त्याच्या थडग्यावर फुलं ठेवू का मी?"

तिने माझा वाडगा उचलला, त्यात परत गरम सार घातलं आणि समोर ठेवलं. "जेव आधी. रागात असलास की तू उपाशी असतोस. लहानपणापासून तसाच आहेस."

रविवारी शेड भरली होती. एवारिस्तो पहिल्या रांगेत, हात छातीवर बांधून, मागे त्याचे खलाशी, पेपरवाले माशांच्या पेट्यांवर बसलेले. मावशी बोलायला उठणार होती. मी तिला बसवलं. चुकीची दवंडी मी पिटली होती, मागे घ्यायची तर मीच. माझ्या आयुष्यात मी शंभर भाषणं केली असतील, हे सगळ्यात छोटं. मी म्हणालो, आकडा चुकला. पाण्याचा नाही, बाल्बिना मावशीच्या घराचा होता. चूक आमची, आणि ती पकडली तिने. पाण्यात काय आहे ते नीट मोजून पुन्हा सांगू, काही निघालं तरी आणि नाही निघालं तरी.

मग मागून 'दोनशे ग्रॅम' म्हणाला, "म्हणजे मावशी, तुझी वाइन पिऊन आम्ही रात्री चमकणार की काय?" आणि शेड हसून फुटली. पेपरवाले वह्या मिटून निघून गेले. अशी बातमी त्यांना नको असते. त्या हशात माझे कान लाल झाले होते. एवारिस्तो उठला, तिच्यापुढे येऊन उभा राहिला. मला वाटलं आता हा ऐकवणार.

"मंगळवारी निघतोय," तो म्हणाला. "कॅन देणार आहेस की नाही?"

"देईन. पण विसळायचा तीनदा. तुझी माणसं दोनदाच विसळतात, मला माहीत आहे."

"तीनदा," तांडेल म्हणाला. खाली बघून, शाळेतल्या पोरासारखा.

यंत्र आम्ही धक्क्यावरच्या जाळ्यांच्या माडीत हलवलं. लाकडी जमीन, लाकडी भिंती, चारी बाजूंनी समुद्राचा वारा. मास्तरांनी आधी रिकामं यंत्र तीन दिवस मोजलं, तोंडाने मोजदाद पुटपुटत, शिक्षा झाल्यासारखे: बावीस. मग जुनं पाणी, नवं पाणी. बावीस, तेवीस, बावीस. हाती काही नाही.

त्या दुपारी ती खिडकीत जाळं घेऊन बसली होती. मास्तरांनी आकडा सांगितला. ती सुई थांबवून म्हणाली, "पाणी स्वच्छ आहे, चांगलं आहे." आणि मग, कुणाला उद्देशून न बोलता, "मग आमारोला कशाने नेलं?"

मला प्रत्येक गोष्टीवर उत्तर असतं, सगळ्या गावाला माझा तोच त्रास आहे. त्या दिवशी मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि जाळ्याचं दुसरं टोक ताणून धरलं, एवढंच सुचलं. तिने बराच वेळ काही शिवलं नाही. मग शिवायला लागली. संध्याकाळपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो.

आता ती शहाऐंशीची आहे. डोळे गेलेत, गाठ बोटांनी ओळखते. मास्तर गेले, यंत्र आता शहरातल्या पोरांनी नवं आणलंय, ते कोण बोलतं तेही सांगतं. कॅन मी पोचवतो आणि मीच उतरवून घेतो. रविवारी आकडा वाचून दाखवायला गेलो की ती आधी विचारते, दार उघडं होतं का? माडीला दारच नाही, मावशी, मी दर खेपेला सांगतो. ती म्हणते, तरी लिही.

जुनी वही तिने मला दिली. तो पेपर वाचून संतापलो तेव्हा ती काढून बसलो. मिस्सेच्या दिवसाचं पान अजून तसंच आहे, कोपऱ्यावर वाइनचा डाग. शेवटच्या रकान्यात बाकी सगळीकडे एकच शब्द असतो, बंद किंवा उघडं. तिथे तिने, अजून काहीच माहीत नसताना, तिच्या त्या वेड्यावाकड्या अक्षरात जास्त लिहिलंय: दार उघडं. आमारोसाठी माणसं आली होती.